ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातील पदव्युत्तर पदवी: निवड, प्रवेश, अभ्यास आणि पुढची वाट

माहिती व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असे ठरवल्यावर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे तीन वेगवेगळे अभ्यासक्रम येतात आणि त्यांची नावे ऐकायला सारखीच वाटतात. एम.बी.ए.मध्ये माहिती प्रणाली हा विशेष विषय घेता येतो. तिथे भर असतो तो कंपनीच्या कामकाजासाठी संगणक प्रणाली कशी निवडावी आणि कशी चालवावी यावर. एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. संगणकशास्त्र या पदव्या प्रणाली घडवायला शिकवतात. तिसरा अभ्यासक्रम ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा, म्हणजे एम.लिब.आय.एस्सी. किंवा एम.एल.आय.एस्सी. या नावाने ओळखला जाणारा. पुस्तक, प्रबंध, छायाचित्र, नकाशा, ध्वनिफीत, संशोधनाचा विदा (डेटा) अशी कोणतीही नोंदवलेली माहिती ओळखायची कशी, तिचे वर्णन कसे करायचे, ती कुठे ठेवायची आणि मागणाऱ्याला नेमकी कशी काढून द्यायची, हे या तिसऱ्या पदवीत शिकवले जाते. हा लेख तिच्याविषयी आहे, कारण माहितीचे व्यवस्थापन हाच जिचा गाभा आहे अशी पदवी हीच, आणि नेमके तिच्याविषयीच मराठीत नीट मार्गदर्शन कमी मिळते.

या पदवीकडे बऱ्याचदा ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून’ पाहिले जाते, आणि त्यामुळे प्रवेश घेणाऱ्याचेच नुकसान होते. कागदावरची पदवी मिळवणे फारसे अवघड नाही. परंतु प्रत्यक्ष संग्रहावर हात बसल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: इथे मला खऱ्या नोंदींवर काम करायला मिळेल का?

आधी उद्दिष्ट ठरवा

शाळेत ग्रंथपाल व्हायचे असेल, तर पदवीनंतरचा एक वर्षाचा बी.लिब.आय.एस्सी. अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी पुरेसा असतो. पदव्युत्तर पदवीने तिथे फायदा होईल, परंतु तिच्यावाचून दार बंद राहत नाही. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात काम करायचे असेल, तर पदव्युत्तर पदवी आणि तिच्यापाठोपाठ नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा, अथवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी., लागतेच. संशोधन संस्था, औषधनिर्माण किंवा कायदा क्षेत्रातील कंपन्यांचे माहिती विभाग, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, अभिलेखागारे आणि डिजिटायझेशनचे प्रकल्प यांना पदवीपेक्षा कौशल्य अधिक महत्त्वाचे वाटते, मात्र मुलाखतीपर्यंत पोहोचण्यासाठी तेही पदवी मागतातच. सार्वजनिक ग्रंथालयात काम करण्याची ओढ असेल, तर १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग कसे ठरतात आणि अनुदान कसे मिळते हे आधी समजून घ्यावे. या ग्रंथालयांचे काम मोलाचे आहे, परंतु अनुदानातून मिळणारे वेतन तुटपुंजे असते आणि कुटुंबाची जबाबदारी असणाऱ्याने ही गोष्ट पूर्ण विचारांती स्वीकारावी. गोव्यात १९९३ चा स्वतंत्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला १८३२ पासूनचा वारसा आहे. कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत रस असलेल्या विद्यार्थ्याने तिकडेही जरूर पाहावे.

पदवीची रचना आणि संस्थेची निवड

पारंपरिक रचनेत कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाची बी.लिब.आय.एस्सी. आणि त्यानंतर एक वर्षाची एम.लिब.आय.एस्सी. अशा दोन पायऱ्या असतात. काही विद्यापीठांत या दोन्ही मिळून दोन वर्षांचा सलग पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर कल त्या दिशेने वाढतो आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. आधीच्या तुकडीतील मित्राने सांगितलेल्या रचनेवर विसंबू नये.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईत मुंबई विद्यापीठ, आणि कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व अमरावती येथील विद्यापीठे हा विषय शिकवतात. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९६१ साली सुरू झालेले स्वतंत्र ग्रंथालयशास्त्र विद्यालय आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे दोन पर्याय आहेत. दूरशिक्षणाच्या बाबतीत तो अभ्यासक्रम त्या विशिष्ट वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेला आहे की नाही, हे आयोगाच्या संकेतस्थळावर तपासूनच शुल्क भरावे. महाराष्ट्राबाहेर जाण्याची तयारी असेल, तर दिल्ली किंवा बनारस यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक परीक्षा असते.

एका संस्थेविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बंगळुरूचे डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर, ज्याला सगळे डीआरटीसी म्हणतात, ते एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली सुरू केले. रंगनाथन मुळात मद्रासमध्ये गणिताचे अध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण (कोलन क्लासिफिकेशन) ही पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्या परंपरेचा ठसा डीआरटीसीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर आजही दिसतो. तिथे ज्ञानाच्या संघटनाची तात्त्विक बाजू, संख्याशास्त्र आणि संगणकीय प्रणाली यांचा एकत्र अभ्यास होतो. प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखत यांतून मिळतो, जागा मोजक्या असतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते. गणिताची भीती नसलेल्या विद्यार्थ्याने ही परीक्षा एकदा तरी द्यावी. आर्थिक अडचण हे कारण असेल तर विशेषकरून द्यावी, कारण तिथला खर्च आपल्याकडील अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांपेक्षा कमी पडू शकतो.

संस्था निवडताना इमारत किंवा नाव पाहण्यापेक्षा एक दिवस तिथे जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. प्रात्यक्षिकाच्या तासाला वर्गीकरणाचे खंड विद्यार्थ्यांच्या हाती येतात का, की शिक्षक फळ्यावर उत्तरे लिहून देतात? संगणक कक्षात कोहा किंवा तत्सम ग्रंथालय प्रणाली विद्यार्थ्यांना स्वतः उभारू देतात का? आणि विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात प्रत्यक्ष काम करण्याची काही आठवड्यांची सक्ती आहे का? शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन विचारले, तर ते खरे सांगतात.

अर्ज आणि कागदपत्रे

या टप्प्यावर बौद्धिक अडचण काहीच नसते, परंतु उशीर मात्र नेहमी इथेच होतो. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो. पदवीनंतर काही वर्षे गेली असतील तर खंडाचे प्रतिज्ञापत्र, आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जातवैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हे सगळे अर्ज सुरू होण्यापूर्वी हाताशी असावे. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर लगेच भरावा आणि महाविद्यालयाने तो पुढे पाठवला की नाही याचा पाठपुरावा स्वतः करावा. लिपिकाच्या टेबलावर अडकलेला अर्ज विद्यार्थ्याने विचारल्याशिवाय सहसा हलत नाही. प्रवेश परीक्षेत सामान्यज्ञान, भाषा, तर्क आणि ग्रंथालयविषयक प्राथमिक माहिती विचारली जाते. त्यासाठी जवळच्या चांगल्या ग्रंथालयात काही दिवस देवघेव विभागात आणि संदर्भ विभागात बसून काम पाहिले, तर मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा अधिक फायदा होतो.

वर्गीकरण आणि तालिकीकरण: अभ्यासाचा गाभा

वर्गीकरण म्हणजे पुस्तकाला विषयानुसार क्रमांक देणे, आणि तालिकीकरण म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत, म्हणजे तालिकेत, त्याची नोंद करणे. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. परीक्षेच्या आदल्या महिन्यात पाठ करण्याचे हे विषयच नाहीत. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आज चार जाडजूड खंडांत विस्तारलेली आहे आणि तिचा उपयोग सरावाशिवाय येत नाही. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे, त्याला कवितेसाठी १, नाटकासाठी २ आणि कथा-कादंबरीसाठी ३ जोडला की ८९१.४६१, ८९१.४६२ आणि ८९१.४६३ तयार होतात. मराठी भाषा मात्र ४९१.४६ मध्ये जाते. भौगोलिक तक्त्यात महाराष्ट्राला ५४७९२ आणि गोव्याला ५४७९९ हे अंक आहेत. त्यामुळे महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ होतो आणि महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाविषयीचे पुस्तक ३७२.९ ला ५४७९२ जोडून ३७२.९५४७९२ या क्रमांकावर येते. अंक असे जोडले जातात हे समजले की पाठांतराची गरज उरत नाही. रंगनाथन यांनी हीच गोष्ट आणखी पुढे नेली: प्रत्येक विषयाचे व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पैलूंत विश्लेषण करायचे आणि मग त्या पैलूंची ठराविक क्रमाने पुन्हा जुळणी करायची. द्विबिंदू वर्गीकरण आज थोड्याच ग्रंथालयांत वापरात आहे, परंतु ऑनलाइन दुकानांत किंमत, आकार, रंग, कंपनी अशा गाळण्या लावून वस्तू शोधता येतात, त्या रचनेमागे पैलूंचे हेच तत्त्व आहे. म्हणून परीक्षेपुरता का होईना, तो सराव मनापासून करावा.

तालिकीकरणात मराठी विद्यार्थ्याला एक प्रश्न रोज भेटतो आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्याचे उत्तर अर्धवटच असते. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. आता ग्रंथालयाच्या तालिकेत तीन वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि त्यांची एकमेकींशी जोडणी झाली नाही, तर ‘गडकरी’ असा शोध घेणाऱ्या वाचकाला कविता सापडणार नाहीत. इंग्रजी-अमेरिकी तालिकीकरण नियम अशा स्वतंत्र लेखनओळखी मान्य करतात, परंतु त्या ‘हेही पहा’ अशा संदर्भाने जोडण्याची अट घालतात. मार्क २१ या संगणकीय नोंदपद्धतीत लेखकाचे नाव कोणत्या रूपात वापरायचे हे ठरवणारी वेगळी ‘अधिकृत नोंद’ असते; तिच्यात ५०० पासून सुरू होणाऱ्या क्षेत्रांत (रकान्यांत) ही जोडणी करावी लागते. विद्यार्थीदशेत अशा पाच-सहा मराठी लेखकांच्या अधिकृत नोंदी स्वतः तयार कराव्यात. टोपणनाव, माहेरचे व सासरचे नाव, आद्याक्षरांनीच प्रसिद्ध असलेला लेखक, संतकवी अशी विविधता घ्यावी. हे काम झाले की तालिकीकरणाचा निम्मा अभ्यास झाला असे समजायला हरकत नाही.

लिपीचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. मार्क नोंदीत २४५ हे शीर्षकाचे क्षेत्र रोमन लिपीत आणि त्याला जोडलेले ८८० हे क्षेत्र देवनागरीत, अशी दुहेरी सोय करता येते. अनेक जुन्या संग्रहांत मात्र युनिकोडपूर्व काळातील फाँट वापरून केलेल्या नोंदी आहेत आणि त्या आज उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्या युनिकोडमध्ये बदलल्यावरही काम संपत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु एका पद्धतीने टंकून शोधले तर दुसऱ्या पद्धतीची नोंद सापडत नाही. असे दोष ओळखून ते दुरुस्त करणारा माणूस ज्या ग्रंथालयाकडे असतो, तिथल्या वाचकाला मराठी पुस्तक मिळते. ज्यांच्याकडे तो नाही, तिथे पुस्तक कपाटात असूनही वाचक रिकाम्या हाताने परततो.

संगणकीय प्रणाली

कोहा ही मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० साली तिथल्या एका ग्रंथालयात प्रथम सुरू झाली. आज आपल्याकडील महाविद्यालयांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्या जोडीला इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या राष्ट्रीय केंद्राची सोल आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय या प्रणालीही भेटतील. संस्थात्मक भांडारासाठी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे प्रबंध व लेख डिजिटल रूपात साठवण्यासाठी, डीस्पेस वापरतात. स्वतःच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून कोहा उभारावी आणि घरातील किंवा गावच्या वाचनालयातील शंभर-दोनशे पुस्तकांच्या नोंदी तिच्यात कराव्यात. बाहेरच्या मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून तयार नोंद ओढून घेता येते, परंतु मराठी पुस्तकांच्या अशा नोंदींत रोमन लिप्यंतर आणि वर्गांक तपासून घ्यावाच लागतो. बॅकअप घेणे, देवघेवीचे नियम ठरवणे, बारकोड छापणे ही कामे वर्गात शिकवली जात नाहीत आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तीच अंगावर येतात. मुलाखतीत ‘मला कोहा येते’ या वाक्यापेक्षा स्वतः उभारलेली तालिका उघडून दाखवणे कितीतरी प्रभावी ठरते.

प्रबंधिका

‘अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या ई-साधनांविषयीच्या जाणिवेचा अभ्यास’ या धर्तीची प्रबंधिका, म्हणजे पदवीसाठीचा छोटा प्रबंध, दरवर्षी लिहिली जाते. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, आलेख जोडायचे आणि जागृती वाढवली पाहिजे असा निष्कर्ष लिहायचा. यातून विद्यार्थ्याला फारसे काही मिळत नाही. त्याऐवजी लहान परंतु प्रत्यक्ष संग्रहाशी निगडित विषय घ्यावा: एखाद्या तालुक्याच्या वाचनालयातील जुन्या मासिकांची वर्णनात्मक सूची, महाविद्यालयाच्या तालिकेतील मराठी नोंदींच्या त्रुटींचे वर्गीकरण, किंवा एका विषयातील मराठी संशोधनलेखनाचे ग्रंथमितीय (प्रकाशने आणि संदर्भ मोजून केलेले) विश्लेषण. आधीच्या संशोधनाच्या आढाव्यासाठी शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार आहे. ते चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटची सुरुवात १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेतील एक प्रकल्प म्हणून झाली, ही गोष्ट आपल्याकडील विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवी. संदर्भांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात ठेवाव्यात, म्हणजे शेवटच्या आठवड्यात संदर्भसूची हाताने जुळवत बसावे लागत नाही. मार्गदर्शकांना दर पंधरवड्याला लिहिलेली पाने द्यावीत. तोंडी चर्चेवर प्रबंधिका पुढे सरकत नाही.

परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर

अमेरिकेत वॉशिंग्टन आणि इलिनॉय यांसारख्या विद्यापीठांच्या माहिती विद्यालयांत माहिती व्यवस्थापन याच नावाची पदव्युत्तर पदवी मिळते. तिथला भर विदा विश्लेषण, माहितीची सुरक्षा आणि प्रकल्प व्यवस्थापन यांवर अधिक असतो आणि पुस्तकांवर कमी. आपली तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. पदवी तिथे चार वर्षांच्या पदवीशी समतुल्य मानली जाईल की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. त्याआधी परीक्षांवर आणि अर्जशुल्कावर पैसे खर्च करू नयेत. खर्च मोठा आहे आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात. तेव्हा केवळ तिथल्या नोकरीच्या भरवशावर घर गहाण ठेवून कर्ज काढण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

नेट, सेट आणि पहिली नोकरी

महाविद्यालयीन ग्रंथपाल किंवा विद्यापीठातील सहायक ग्रंथपाल या पदांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट (अथवा नियमांनुसारची पीएच.डी.) आवश्यक आहे. वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाइतकीच, म्हणजे दहाव्या शैक्षणिक स्तराची, ५७,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होणारी. म्हणून पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये याची काळजी पहिल्या सत्रापासून घ्यावी. अनुदानित महाविद्यालयातील मंजूर पद आणि विनाअनुदानित संस्थेतील तासिका किंवा कंत्राटी तत्त्वावरील काम यांतील तफावत फार मोठी आहे, आणि जाहिरात वाचताना हा फरक आधी पाहावा.

नेट परीक्षेत ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा विषय क्रमांक ५९ आहे. पहिल्या पेपरात ५० आणि दुसऱ्यात १०० प्रश्न असतात, मिळून ३०० गुण आणि तीन तास वेळ. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असतानाही परीक्षा देता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिच्या अभ्यासाचा मजकूर बहुतांशी नेटसारखाच असल्याने दोन्हींची तयारी वेगळी करण्याची गरज नसते. पहिला पेपर अनेकजण हलक्यात घेतात आणि तिथेच मागे पडतात. अध्यापन, संशोधनपद्धती, तर्क आणि विदा अर्थबोधन यांना रोज ठरवून थोडा वेळ द्यावा आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात.

निकालाची वाट पाहत घरी बसू नये. मोठ्या शैक्षणिक आणि संशोधन संस्था पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ठराविक मुदतीसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. विद्यावेतन बेताचे असते, परंतु संदर्भसेवा, नियतकालिकांची वर्गणी, ई-साधनांचे करार आणि भांडारातील नोंदी यांवर तिथे जो हात बसतो तो दुसरीकडे सहज बसत नाही. अशा जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर अल्प मुदतीसाठी येतात. म्हणून शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच दहा-बारा संस्थांची यादी करून ती दर सोमवारी पाहावी आणि अर्जासोबत प्रबंधिकेचा सारांश, स्वतः उभारलेल्या तालिकेचा दुवा आणि केलेल्या अधिकृत नोंदींपैकी एक-दोन नमुने पाठवावेत.